तान्हुबाईचा खलबत्ता

टक… टक… टक…

फार वर्षांपूर्वी निरंजनबुवा मठात पहिल्यांदा गोष्ट सांगायला बसले, तेव्हा त्यांनी ऐकला तो हाच आवाज. समोर एकटी तान्हुबाई. नवी नवरी. दात पडलेल्या सासूसाठी खलबत्त्यात विडा कुटत बसलेली. बुवा सांगत होते, ती कुटत होती.

मग मध्येच कुठेतरी टकटक थांबली. बुवांनी पाहिलं… बत्ता तिच्या हातात तसाच वर राहिला होता.

आपल्याला गोष्ट सांगता येते, असं बुवांना त्या दिवशी वाटलं.

"हा आवाज बंद नाही का होणार?"

विचारणारा त्यांचा शिष्य पुष्कर होता. आता तान्हुबाईचेच दात गेले होते. उंबऱ्याशी बसून ती स्वतःपुरता विडा कुटत होती.

पुष्कर शहरातून आवाज टिपायचं काम शिकून आला होता, आणि ते आपल्याला चांगलं येतं हे त्याला ठाऊक होतं. बुवांच्या गळ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. नंतर आवाज राहीलच, असं डॉक्टर म्हणत नव्हते. त्याआधी बुवांच्या गोष्टींचा पॉडकास्ट करायचा, हे पुष्करने मनावर घेतलं होतं. आज पहिला भाग.

त्याने दारा-खिडक्यांना गोधड्या लावल्या. पंखा बंद केला. मठाची शेळी लांब नेऊन बांधली. राहिली तान्हुबाई.

"आजी, तुमची टकटक मध्ये येतेय."

"इतकी वर्षं येतेय. आजच कुणाला टोचली?" ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "जाते बाबा. बुवाला मध्ये मध्ये कोमट पाणी दे. मागायचा नाही तो."

खलबत्ता काखेत घेऊन ती गेली.

पुष्करने कानांवर हेडफोन चढवले. माइक पुढे सरकवला.

"हं, बुवा."

"एक कुंभार होता…" बुवा म्हणाले, आणि थांबले.

खोली गप्प.

"एक कुंभार होता…" त्यांनी रिकाम्या उंबऱ्याकडे पाहिलं.

"विसरलात?"

"नाही."

"गळा दुखतोय?"

"नाही रे."

"मग अडलं कुठे?" पुष्करने माइककडे बोट दाखवलं. "बुवा, दिवस फार नाहीत आपल्याकडे. माइक चांगल्यातला चांगला आणला. सगळं शांत केलं. ती टकटकसुद्धा थांबवली तुमच्यासाठी."

बुवा हसले. झोपलेल्या पोराच्या डोक्यावरची टोपी काढावी, तसे त्यांनी त्याच्या कानांवरचे हेडफोन हळूच काढले.

"ती थांबवायचं काम माझं आहे, बाळा."

…

 पुष्कर उठला, दाराची गोधडी बाजूला सारली, आणि तान्हुबाईच्या घराकडे चालू लागला.