गळ्यातला ओळंबा

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सुताराच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव नंदिक. हात कसबी आणि बोलणे कमी. नगर उंच दरडीवर वसलेले आणि नदी खाली खोल. पाण्याचा प्रत्येक घडा पायऱ्या चढूनच वर यायचा. नंदिकाने दरडीवर रहाट बसवला आणि पाणी गल्लीपर्यंत येऊ लागले. बायकांनी त्याला तोंडभरून आशीर्वाद दिले, आणि ते त्याने कमावलेले होते.

त्या नगरात एक चांगली रीत होती. कोणी नवी वस्तू केली की तिची वार्ता भाट चव्हाट्यावर सांगे. पण ती वस्तू भाटाने किंवा त्याच्या घरच्यांनी आधी वापरून पाहायची, मगच तोंड उघडायचे. त्या वेळचा भाट होता मधुघोष. त्याचा आवाज चढला की बाजारातली भांडणे थांबत. वापरून पाहायचे काम मात्र त्याची आई सुमना करी. रहाट तिने फिरवून पाहिला आणि म्हणाली, "चांगला आहे. पण दांडा हाताला चावतो." मधुघोषाने चव्हाट्यावर तसेच सांगितले. नंदिकाने दांड्यावर कातडे गुंडाळले. कोणाला राग आला नाही.

पुढे नंदिकाने तेलाचा घाणा सुधारला, पेरणीची पाभर हलकी केली, आणि त्याचे नाव पंचक्रोशीत झाले. मधुघोषाच्या लक्षात आले की घाण्याचे गुणदोष सांगताना लोक जांभया देतात, आणि नंदिकाचे नाव निघाले की कान टवकारतात. मग तो नंदिकाबद्दलच सांगू लागला. नंदिक सकाळी काय खातो, कोणत्या कुशीवर झोपतो, तासण्याआधी लाकडाशी काय बोलतो. यातले काही खरे होते. काही तसे असावे असे मधुघोषाला वाटत होते. तो विकला गेला होता असे नाही. त्याचे खरोखरच प्रेम जडले होते, आणि म्हणूनच त्याला आवरणे कठीण झाले.

नगरातली तरुण पोरे गळ्यात ओळंबा घालून हिंडू लागली. खांब सरळ उभा आहे की नाही हे पाहायला सुतार जे वजन दोरीला बांधून सोडतो, ते यांच्या छातीवर दागिन्यासारखे लोंबे. यांच्यापैकी बहुतेकांनी जन्मात एक खुंटी ठोकली नव्हती. नंदिक रस्त्याने निघाला की ती मागून चालत, त्याच्यासारखीच मान खाली घालून. मधुघोषानेही एक ओळंबा गळ्यात घातला. सांगायला संकोच वाटतो, पण बोधिसत्त्वालाही हे गोड लागले. हरभऱ्याच्या झाडावर चढवून घेताना शहाण्यालाही झाडाची उंची आठवत नाही.

मग नंदिकाने माणसांना नदीवरून वर आणणारा पाळणा बांधायला घेतला. दरडीवर खांब, खांबाला कप्पी, कप्पीवरून जाड दोर, आणि दोर ओढायला बैल. खांब उभे राहण्याआधीच मधुघोषाने चव्हाट्यावर सांगून टाकले की असा पाळणा जंबुद्वीपात दुसरा नाही.

घरी सुमना म्हणाली, "अरे, मला आधी बसून तर पाहू दे."

"आई, नंदिकाच्या वस्तूची परीक्षा घ्यायची?" मधुघोष म्हणाला. "लोक ऐकतील तर मला लाज वाटेल."

सुमना चुलीकडे वळली. मुलाला आपली लाज वाटते हे कळल्यावर आई दुसरे काय करणार?

पाळणा सुरू झाल्यावर एका नावाड्याने घाटावर उभे राहून सांगितले, "दोर कप्पीच्या काठाला घासतोय. पावसात भिजला की तुटेल." ओळंबेवाले त्याच्याभोवती जमले. "तू आजवर किती पाळणे बांधलेस?" त्यांनी विचारले. नावाड्याने एकही बांधला नव्हता. त्यांनी त्याची वल्ही नदीत फेकून दिली. मधुघोषाने त्याच्यावर एक चिमटे काढणारे कवन रचले, आणि ते आठवडाभर पोरांच्या तोंडी होते.

ते कवन नंदिकाच्या कानावर आले. एकदा कप्पी पाहून यावी, असे त्याच्या मनात आले. पण नावाड्याच्या बोलण्यावरून गेलो असे दिसेल, हेही मनात आले. तो गेला नाही.

श्रावणात एका सकाळी सुमना नदीवर स्नान करून पाळण्यात बसली. नगरभर मुलाने ज्याची वाखाणणी केली त्यात आपण एकदाही बसलो नाही, याचे तिला वाईट वाटत होते. पाळणा वर जाताना दोर तुटला. ती वाचली, पण कमरेचे हाड मोडले आणि ती पुन्हा उभी राहिली नाही.

सूर्य मावळायच्या आत नगरात एकच बोलणे होते: म्हातारीने पाळण्यात हलायला नको होते. चव्हाट्यावर गर्दी जमली. लोक मधुघोषाच्या तोंडाकडे पाहत होते, आणि त्यांना आवडेल तेच बोलायच्या सवयीपुढे त्याचे काही चालले नाही. तो उभा राहून म्हणाला, "पाळण्यात दोष नाही. बसणाऱ्याने तोल सांभाळला नाही." बसणारी कोण, हे त्याने सांगितले नाही. ते सर्वांना ठाऊक होते.

गर्दीच्या मागे नंदिक उभा होता. मुलगा आईवर दोष ढकलत होता, आणि तेही आपल्यासाठी. नंदिकाला आपल्या नावाची किळस आली. तो पुढे झाला.

"दोष माझा आहे," तो म्हणाला. "कप्पीचा काठ घासत होता. नावाड्याने सांगितले होते. मी ऐकले आणि गेलो नाही."

गर्दीतला एकजण म्हणाला, "केवढी ही नम्रता!" आणि सगळा चव्हाटा जयजयकार करू लागला. नंदिकाच्या गळ्यात हार पडले. त्याने हार काढून ठेवले, तर त्यालाही वाहवा झाली. त्याने कुऱ्हाड घेऊन पाळण्याचे खांब पाडले, तेव्हा लोकांनी ढलप्या वेचून देवघरात नेल्या. कबुली द्यायलाही जागा उरली नव्हती.

शेवटी तो सुमनेच्या घरी गेला. मधुघोषही मागून आला आणि दाराशी थांबला. सुमना खाटेवर पडली होती. तिने मुलाला विचारले, "बाळा, तू बसला होतास का त्यात?"

मधुघोषाने नकारार्थी मान हलवली.

"आणि तू रे, नंदिका?"

"नाही, माई."

"म्हणजे आपल्या तिघांत मीच पहिली," ती म्हणाली. "नदीवरचे स्नान गेले, तेवढेच वाटते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. दोघांनाही तिच्याकडे पाहवेना.

हाड जरा सांधल्यावर एका सकाळी नंदिकाने सुमनेला स्नानाला न्यायला पाठीवर घेतले आणि तो पायऱ्या उतरू लागला. लोक फुले घेऊन आले. दुसऱ्या दिवशीही आले. पण पायऱ्या पुष्कळ होत्या, नंदिक हळू चाले, आणि सुमना सारखी म्हणे, "जरा जपून. शेवाळ आहे." रोज तेच. त्यात जयजयकार करण्यासारखे काही नव्हते. हळूहळू लोक घरी बसू लागले. नंदिकाने नावाड्याला नवी वल्ही करून दिली. ती पाहायला तर कोणीच आले नाही.

ते दोघे निघत तेव्हा मधुघोष माजघरात लपून राही. एका सकाळी तो बाहेर आला. त्याने गळ्यातला ओळंबा काढून खुंटीला टांगला आणि आईसमोर पाठ करून बसला. सुमना बसली आणि म्हणाली, "तुझी पाठ फार टोचते रे." नंदिक तिच्या पाठीला हात लावून मागून चालू लागला.

त्याच दिवशी मधुघोषाने चव्हाट्यावर सांगितले, "मी पाळण्यात बसलो नव्हतो, आणि बसून पाहणारीला मी बसू दिले नाही. ती माझी आई." हे ऐकून अर्धे लोक निघून गेले. उरलेल्यांनी ऐकून घेतले. पुढे पाळणा पुन्हा बांधला गेला. पहिल्या खेपेला त्यात नंदिक बसला, दुसऱ्या खेपेला मधुघोष, आणि कप्पीपाशी नावाडी उभा होता. सुमना मात्र त्यात कधी बसली नाही.

शास्ता, भिक्षूंचे गुरू, जेतवनात असताना एक तरुण भिक्षू त्यांच्या चालण्याचे, बसण्याचे, चीवर नेसण्याचे वर्णन दिवसभर करीत असे, आणि काय शिकवले असे कोणी विचारले की गोंधळून जाई. एका उपासिकेने त्याला तसे विचारले, तर त्याने तिला चारचौघांत हिणवले. ते कळल्यावर शास्त्यांनी ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, "त्या वेळचा भाट म्हणजे हा भिक्षू. सुमना म्हणजे ती उपासिका. नावाडी म्हणजे विहाराच्या दाराशी बसणारा, तुम्ही ज्याला फटकळ म्हणता तो वृद्ध. आणि तो सुतार मीच होतो."

भिक्षूंच्या ओठांवर 'साधू, साधू' आले होते. ते त्यांनी गिळले आणि माना खाली घातल्या. तरुण भिक्षू उठून उपासिकेकडे क्षमा मागायला गेला.

शास्ता म्हणाले, "याला लज्जा म्हणतात. हिला जपा."