मेलेल्या राजाचा हुकूम

काळदरी संस्थानचे राजे मानसिंगराव वारले, त्याला महिना झाला होता. तरी भरदुपारी, दरबार भरला की, रिकाम्या सिंहासनातून त्यांचा आवाज यायचा. तो हुकूम सोडायचा आणि दिवाण रंगराव तलवारीनं तो बजावायचे. कायदे करणाऱ्या सभेचे दोन सभासद असे जिवानिशी गेले होते.

त्या दिवशी आवाज घुमला, "आजपासून कायदे मीच करीन. सभेत जो तोंड उघडेल, त्याचं मुंडकं उडवा!"

दरबार थिजला. सभेच्या चिटणीस भागीरथीबाई उठल्या. दिवाणांनी तलवार उपसली.

"महाराज, राज्याची सनद तुमच्याच सहीची आहे," त्या म्हणाल्या. "कायदा करावा सभेनं, अंमल करावा राजानं. सनद मोडलीत तर तुमचं राजेपणही गेलं, कारण तेही सनदेनंच दिलंय."

सिंहासनातून थंडगार आवाज आला, "सनद मान्य. करा तुमचा कायदा."

भागीरथीबाई सभासदांकडे वळल्या. "मी कायदा मांडते. मेलेल्या राजाचा हुकूम मेलेल्या माणसानंच बजावावा."

एकेक करत सगळे हात वर झाले.

"कायदा झाला," त्या म्हणाल्या. "आता दिवाणजी, माझं मुंडकं उडवायला तुम्ही पात्र आहात का, तेवढं सांगा."

दिवाणांच्या हातून तलवार गळून पडली. सिंहासनावरची खोल दबलेली गादी, कुणी उठून गेल्यासारखी, सावकाश वर आली. तो आवाज काळदरीत पुन्हा कुणी ऐकला नाही.