ढिगावरचा मोर

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या पणजोबांना दुधाचे दातही आले नव्हते तेव्हा, एका रानातला सिंह वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. प्राण्यांनी ठरवलं, आता राजा नको, आपणच आपला प्रमुख निवडू. निवडणूक कशाशी खातात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण उत्साह नुसता उतू जात होता.

उमेदवार दोन: मोर आणि रानम्हैस. रानात पाणी एकाच तळ्यात. दर उन्हाळ्यात तळ्याच्या बांधाला भेगा पडत आणि म्हैस चिखल तुडवून त्या बुजवत असे. त्यामुळे बिचारी कायम चिखलाने माखलेली.

नियम ठरला. प्रत्येकाने ओल्या मातीचं एक ढेकूळ आपल्या उमेदवारापुढे ठेवायचं. ज्याचा ढीग मोठा, तो प्रमुख.

पक्षी झाडून मोराकडे गेले. "पंखवाला म्हणजे आपल्यातला!"

हरिणी म्हणाली, "त्याने मला विचारलं, ताई, पाडस कसं आहे? म्हशीने कधी विचारलंय?"

सशांनी आधी दोन्ही ढीग न्याहाळले आणि मोठ्यावर ढेकळं टाकली. "आपलं मत वाया नको जायला!"

आता भर उन्हाळ्यात ओली माती मिळणार कुठे? तळ्याच्या बांधात! सगळ्यांनी तिथलीच उकरली.

म्हैस ओरडली, "अरे बाबांनो, बांध पोखरू नका!"

"हरायला लागली, म्हणून कुरकुर सुरू," ससे हसले.

मोर निवडून आला आणि थाटात स्वतःच्या ढिगावर चढून बसला. तिसऱ्या दिवशी बांध फुटला. पाणी धो धो वाहून जाऊ लागलं. सगळे मोराकडे धावले.

"घाबरू नका," मोर म्हणाला. "मी नाचतो, पाऊस येईल."

तो नाचला. छानच नाचला. आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता.

पाडस तहानेने कोरडे ओठ चाटू लागलं, तेव्हा हरिणी रडत म्हशीकडे गेली. "चुकलं गं बाई. बांध घाल."

"घालते," म्हैस म्हणाली, "पण माती लागेल. तुमची मतं परत आणा."

मग सगळ्यांनी मोराला खाली उतरवलं आणि आपापलं ढेकूळ तोंडात धरून बांधाकडे नेलं. बांध उभा राहिला, पण निम्मं तळं रिकामं झालं होतं. त्या उन्हाळ्यात सगळ्यांना दिवसातून एकदाच पाणी मिळालं, पाडसालाही.

तात्पर्य: निवडताना कोण दिसतो कसा आणि बोलतो किती गोड हे पाहू नये, आपल्यासाठी आजवर कोण राबलं ते पाहावं.