सुईणीच्या फळ्या

डोंगरांना अजून नावं मिळाली नव्हती, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. उत्तरेकडच्या एका राज्यात, वर्षाचे पाच महिने बर्फाखाली असणाऱ्या एका गावात, धनुष्यं करणारा एक म्हातारा कारागीर राहत होता. त्याची बायको सुईण होती. आसपासच्या सात वाड्यांतली अर्धीअधिक माणसं तिच्याच हातावर जन्मली होती.

कारागिराच्या धनुष्यांची ख्याती राजवाड्यापर्यंत पोचली होती. त्याचं धनुष्य ओढायला पहिलवानाची ताकद लागे. "मला झेपेल असं करून दे," असं एखादा शिकारी म्हणालाच, तर कारागीर म्हणे, "धनुष्य नरम करायचं नसतं, माणसाने अंगात बळ आणायचं असतं." ऐकणारे मान डोलावत. कारागिराला स्वतःचं बोलणं फार आवडे.

एका हिवाळ्यात सुईण वरच्या वाडीहून लंगडतच घरी आली. कमरेएवढ्या बर्फातून ती दीड दिवस चालली होती. डाव्या पायाची दोन बोटं काळीनिळी पडली होती. कारागिराने तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि वर घोंगडी पांघरली.

"अगं, पुरे झालं आता," तो म्हणाला. "दुसरी कोणी जाईल."

"दुसरी आहे कोण? आणि मुलं काय बर्फ वितळायची वाट बघत बसतात?"

एका वाटसरूने पूर्वी सांगितलेलं त्याला आठवलं. दूरच्या हिमप्रदेशात लोक पायांना लांब फळ्या बांधतात आणि बर्फात न रुतता त्यावरून सरकत जातात. कारागिराने तशी फळी कधी पाहिली नव्हती. पण भार पडला की वाकायचं आणि भार निघाला की पुन्हा सरळ व्हायचं, हे काम त्याचं धनुष्यही करत होतं. मग फळी का जमू नये?

त्याने भूर्जाचं एक सरळ खोड निवडलं. करवत लावली नाही, कारण करवतीने लाकडाच्या रेषा तुटतात. पाचरी ठोकून, रेषा जाईल तसं त्याने खोड फोडलं. फळ्या तासल्या, उकळत्या पाण्याच्या वाफेवर मऊ केल्या, पुढची टोकं वर वळवली आणि मधला भाग धनुष्यासारखा हलका उचलून साच्यात बांधला. महिनाभर त्या चुलीशेजारी वाळल्या. मग त्याने त्यांना राळ आणि चरबी चोळली. मधोमध खालून केसाळ कातड्याची पट्टी लावली, म्हणजे पाय दाबला की पट्टी बर्फाला धरेल आणि पाऊल मागे घसरणार नाही; सरकताना मात्र ती बर्फापासून वर राहील.

गाव बघायला लोटला. तीन दांडगे गडी एका फळीवर उभे राहिले, तेव्हा कुठे ती जराशी दबली. "हिच्यावरून हत्ती जाईल," गावचा मुखिया म्हणाला. कारागिराची छाती फुलली.

सुईणीने फळ्या बांधल्या आणि अंगणात चार पावलं टाकली. "अहो, पाय मागे घसरतात."

"सवय नाही तुला. जोरात दाब."

"दाबतेच आहे."

"अजून दाब."

ती वाकून फळ्या सोडू लागली.

आठवड्याने खिंडीपलीकडच्या वाडीतून सकाळीच निरोप आला. एका पोरीचं पहिलंच बाळंतपण होतं आणि कळा सुरू झाल्या होत्या. सुईण फळ्या बांधून निघाली. दुपारी कारागीर कौतुकाने तिच्या मागावर थोडं अंतर चालून गेला. पहिल्याच चढावर दोन्ही फळ्या बर्फात रोवून ठेवलेल्या दिसल्या. त्यांच्या पुढे कमरेएवढे खोल खड्डे एकामागून एक खिंडीकडे गेले होते. ती चालतच गेली होती.

त्याने फळ्या उपटल्या आणि खांद्यावर टाकून घरी आणल्या.

तिसऱ्या दिवशी ती परतली. "मूल पायाळू होतं," पेजेचा घोट घेत ती म्हणाली. "वाचली दोघं. पण मला आणखी थोडा उशीर झाला असता, तर हाती काही लागलं नसतं."

"आणि फळ्या?"

"सुंदर आहेत हो. फक्त माझ्यासाठी नाहीत."

कारागिराने फळी सपाट दगडावर ठेवली आणि तिला वर उभं राहायला सांगितलं. मग तो जमिनीवर पालथा पडला आणि गाल मातीला टेकवून खालून बघू लागला. तिचा सगळा भार एका पायावर होता, तरी मधली पट्टी दगडापासून दोन बोटं वर होती. केसाळ कातडं बर्फाला कधी टेकलंच नव्हतं. एवढी साधी गोष्ट आपण आधी तपासली नाही, याची त्याला लाज वाटली.

तो फळी खरवडू लागला. पातळ साल निघाली की तिला उभं करायचं, खालून बघायचं, पुन्हा खरवडायचं. प्रत्येक सालीबरोबर आपली ख्यातीच खाली पडतेय असं त्याला वाटे, पण हात थांबला नाही. असे पाच दिवस गेले.

"चाळीस वर्षांत एवढं निरखून मला पाहिलं नव्हतंत," सुईण म्हणाली.

"तुला नाही, फळीला बघतोय."

"तेच म्हणतेय मी."

तो जमिनीवर पडल्यापडल्या हसला.

शेवटी ती दोन्ही पायांवर उभी असताना पट्टीखालून वाळकं पान सहज सरकलं, आणि तिने सगळा भार एका पायावर टाकताच ते पान घट्ट धरलं गेलं. मुखियाने फळी दाबून पाहिली आणि नाक मुरडलं. "ही आता कोणाचा भार पेलणार?"

"हिचा," कारागीर म्हणाला.

बर्फ सरायच्या आधी सर्वांत दूरच्या वाडीतून बोलावणं आलं. पूर्वी बर्फातून तिथे पोचायला दोन दिवस लागत. त्या दिवशी सुईण न्याहारी करून निघाली आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत बाळंतिणीच्या उशाशी बसलेली होती. दुपारी तिथे जुळ्या मुली झाल्या, दोघी खणखणीत रडणाऱ्या. तेव्हापासून सातही वाड्यांत कोणत्याही बाईला बर्फामुळे सुईणीवाचून राहावं लागलं नाही.

तात्पर्य: वस्तू किती बळकट आहे यावरून नव्हे, तर ती ज्याच्यासाठी केली त्याच्या किती कामी येते, यावरून कारागिराची खरी पारख होते.