पुसलेली मात्रा

खूप खूप जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा राजे हत्तीवरून फिरत आणि अडचण आली की पाठशाळेला विचारत. लहानांनी ही ऐकावीच. आपण मोठे झालो असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा जवळ सरकून ऐकावी.

एका राजधानीत एक मोठी पाठशाळा होती. तिला चार दालनं होती. एकात साहित्य शिकवत, एकात इतिहास, एकात पदार्थांचं शास्त्र आणि चौथ्यात समाजाचे व्यवहार. प्रत्येक दालनाला गुडघाभर उंच दगडी उंबरा होता. पहिल्या दिवशी विद्यार्थी त्या उंबऱ्यावर हात ठेवून शपथ घेई, "या उंबऱ्यापलीकडचं माझं नाही." पुढे कधी एखादा प्रश्न दुसऱ्या दालनाचा निघाला, तर आचार्य "उंबऱ्यापलीकडचं" एवढंच म्हणत आणि पोथी मिटून टाकत. या शिस्तीचा सगळ्यांना मोठा अभिमान होता.

साहित्याच्या दालनाचे मुख्य आचार्य होते शिवदेव. भाषेवर त्यांचं अतोनात प्रेम. इतकं, की समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकायच्या आधीच ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेत. बायको लवकर गेलेली. गोदा ही एकुलती एक मुलगी. तिला त्यांनी मांडीवर बसवून अक्षरं शिकवली होती आणि वयात आल्यावर दोन दिवसांच्या वाटेवर कोरडवाडीला दिली होती. तिला एक मुलगीही झाली होती. गोदाचं पत्र आलं की आचार्य ते आधी कपाळाला लावत आणि मग त्यातल्या चुका शोधत. चुका सापडत नसत, आणि त्यांचा ऊर भरून येई.

एकदा आचार्यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायचं मनावर घेतलं. पाठशाळेच्या मुदपाकखान्यात भागाई नावाची म्हातारी दळण दळायची. तिला दालनाबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे बसवलं. तिने एक ओवी म्हटली:

"लाखेनं भरलं घर, सये दळिता दळिता
भरल्या घरात धनी, भुई धरितो चालता."

"लाखेनं नव्हे, भागाई. लाखानं," आचार्य म्हणाले.

"आमच्यात लाखेनंच म्हनत्यात, महाराज."

"मग तुमच्यात चुकीचं म्हणतात. हजारानं, लाखानं, कोटीनं, असं ते चालतं. लाखेनं कसं होईल?"

भागाईच्या गावाकडे लाख म्हणजे एक कडधान्य. तीन कोनांचं, मळकट रंगाचं, पाण्यावाचून उगवणारं, गुरांना घालायचं. एवढ्या शिकलेल्या माणसाला लाख ठाऊक नसेल, असं त्या बिचारीच्या स्वप्नातही आलं नाही. तिला वाटलं, महाराज काहीतरी मोठं बोलत असणार.

त्या काळी पोथीतली चूक झाकायला तिच्यावर पिवळा हरताळ लावत. आचार्यांनी "लाखेनं"मधल्या मात्रेला हरताळ फासला आणि नीटस काना दिला. मग त्यांनी त्या ओवीवर भाष्य लिहिलं. लाख मोहरांनी घर भरलं. दळणं म्हणजे संसाराचे कष्ट. आणि धनी भुई धरतो म्हणजे लोभाने माणूस पांगळा होतो. भाष्य इतकं सुरेख उतरलं की चार राज्यांत त्याच्या नकला गेल्या.

त्यानंतर दोन वर्षं पाऊस झाला नाही.

ज्वारी करपली, बाजरी करपली. शेतात उभी राहिली ती एकटी लाख. माणसं गुरांच्या तोंडचा घास आपल्या ताटात घेऊ लागली. सकाळी लाखेची भाकरी, संध्याकाळी लाखेचं वरण. चार महिन्यांनी राजाच्या कानावर आलं की गावोगाव माणसांचे पाय लटपटू लागलेत. राजाने पाठशाळेला विचारलं, "त्रिपुट धान्य खावं की खाऊ नये?" दरबारात आणि पाठशाळेत लाखेला त्रिपुट म्हणत. लाख हा शब्द तिथे गावंढळ ठरला असता.

चारही दालनं कामाला लागली. कोणी कामचुकार नव्हतं, हे मुद्दाम सांगतो.

शास्त्राच्या आचार्यांनी पंधरा दिवस स्वतः त्रिपुटाखेरीज काही खाल्लं नाही. त्यांचं अंग भरलं, चेहऱ्यावर तेज आलं. त्यांनी लिहिलं, धान्य पौष्टिक आहे. समाजाच्या आचार्यांनी गावोगाव माणसं पाठवून पांगळे मोजले. त्यांत मोलमजुरी करणारे जास्त निघाले. त्यांनी लिहिलं, कष्ट चुकवायला लोक सोंग करत असावेत. इतिहासाच्या आचार्यांना जुन्या बखरीत सापडलं की साठ वर्षांपूर्वीच्या दुष्काळातही असेच पांगळे झाले होते. का झाले, ते मात्र बखरीत नव्हतं.

इतिहासाचे आचार्य भले गृहस्थ होते. विहिरीवर हातपाय धुताना त्यांनी शिवदेवांना सहज विचारलं, "तुमच्याकडे पांगळ्या माणसांवर एखादं गाणंबिणं आहे का हो?"

"आहे की. पण ते लोभावर आहे."

"मग राहू द्या. उंबऱ्यापलीकडचं," इतिहासाचे आचार्य म्हणाले आणि तांब्या उचलून निघून गेले.

राजाने दवंडी पिटवली: त्रिपुट खुशाल खावं.

दवंडीनंतर चारच दिवसांनी कोरडवाडीहून गोदाचं पत्र आलं. एक घोंगडीवाला ते घेऊन आला होता आणि उत्तरासाठी ओसरीवर थांबला होता. बाबांना गावंढळ शब्द खपत नाहीत, म्हणून गोदाने पत्रातही लाख लिहिलं नव्हतं.

"तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार. चार महिने झाले, घरात त्रिपुटाखेरीज दाणा नाही. यांना सकाळी उठताना पोटऱ्यांत गोळे येतात. सासूबाई म्हणतात, हे धान्य फार दिवस खाऊ नये. जात्यावरची एक ओवी आहे, भरल्या घरात धनी भुई धरितो अशी, ती त्या पुन्हा पुन्हा म्हणून दाखवतात. त्यांनी स्वतः खाणं सोडलं आहे. गावातली वीस घरं गाड्या जुंपून नदीकाठच्या मुलखात जाणार आहेत. तिकडे ज्वारी आहे म्हणतात. आम्हीही जावं का? हे म्हणतात, तुझ्या बाबांना विचार, ते सांगतील तसं करू."

आचार्यांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना काहीतरी खुपलं. कोरडवाडीची म्हातारी, मुदपाकखान्यातली म्हातारी, दोघींची ओवी एकच. भागाईला बोलावून एक शब्द विचारावा, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मुदपाकखाना शंभर पावलांवर होता. तिकडून जात्याची घरघरही ऐकू येत होती.

पण धान्याबिन्याचं पाहणं हे शास्त्राच्या दालनाचं काम, आणि शास्त्राने तर निकाल दिला होता. शिवाय ती ओवी त्यांच्याइतकी कोणाला कळली होती? त्यांनी बोरू उचलला.

"चिरंजीव गोदेस अनेक आशीर्वाद. ती ओवी मी जाणतो. ती धान्यावर नाही, लोभावर आहे. तुझ्या सासूबाईंचा व्याकरणाचा घोटाळा झालेला दिसतो: लाखेनं नव्हे, लाखानं. त्रिपुट शास्त्राने तपासलं आहे. घरदार सोडून वणवण करू नका. निःशंक खा."

घोंगडीवाला पत्र घेऊन गेला. कोरडवाडीच्या वीस घरांच्या गाड्या निघाल्या, तेव्हा गोदाच्या नवऱ्याने जुंपलेले बैल सोडले.

पुढच्या वर्षी पाऊस पडला, पिकं आली, आणि आचार्य नातीसाठी परकर-पोलकं घेऊन कोरडवाडीला निघाले.

गावात शिरताना त्यांना वाटलं, माणसं रस्त्यावर बसून काही वेचताहेत. जवळ गेल्यावर कळलं, ती चालत होती. हातात लाकडाचे ठोकळे धरून, पाय मागे ओढत, भुईवरून चालत होती. जी वीस घरं नदीकाठी जाऊन परतली होती, त्यांतली माणसं तेवढी उभी दिसत होती.

गोदाच्या दाराशी ते थांबले. आत ती जात्याशी बसली होती. वडिलांना पाहून तिचा चेहरा उजळला. ती उठली नाही. दोन्ही हात भुईला टेकून, अंग ओढत ती त्यांच्यापर्यंत आली आणि तिने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठवायला ते वाकले, तेव्हा तिच्या पायांत काहीच जोर नाही हे त्यांच्या हातांना कळलं.

"जावई कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"परसात आहेत. त्यांना यायला वेळ लागतो."

"आणि सासूबाई?"

"त्यांनी ते धान्य खाल्लंच नाही, बाबा. माघात गेल्या. शेवटपर्यंत म्हणत होत्या, गाड्या जुंपा."

तेवढ्यात आतल्या खोलीतून नात आली. पाच वर्षांची पोर. रांगायचं वय केव्हाच सरलं होतं, आणि ती रांगत आली. आचार्यांच्या हातातलं परकर-पोलकं खाली पडलं.

गोदा पुन्हा जात्याशी गेली आणि त्यांना बरं वाटावं म्हणून गाऊ लागली. "लाखेनं भरलं घर..." एवढं म्हणून ती थांबली, ओशाळली.

"चुकले, बाबा," ती म्हणाली. "लाखानं."

आचार्य भिंतीला धरून खाली बसले. "गोदा, लाख म्हणजे काय गं?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका शब्दाचा अर्थ दुसऱ्याला विचारला होता.

गोदाने जात्याशेजारचं गाडगं पुढे ओढलं, त्याच्या तळाला उरलेले दाणे ओंजळीत घेतले आणि त्यांच्यापुढे धरले. "हीच की, बाबा. त्रिपुट. इथे हिला लाख म्हणतात." ते तीन कोनांचे मळकट दाणे त्यांनी एकेक करून बोटांनी चाचपले. मग ते रडले. गोदा त्यांची समजूत घालत होती आणि ते त्यांना अधिकच सोसवेना.

परत येऊन त्यांनी सुरीने हरताळ खरवडला, काना खोडला, मात्रा जागेवर दिली. पण भाष्याच्या नकला चार राज्यांत पोचल्या होत्या आणि तिथली पोरं ती तोंडपाठ करत होती. त्यांनी गावोगावच्या बायकांना निरोप धाडला, पाठशाळेत या, तुमच्या ओव्या तुम्हीच सांगा, मी नुसतं लिहीन.

बायका आल्या. कोणी गाडीतून आल्या, कोणी सरपटत आल्या, आणि दालनाच्या दाराशी येऊन थांबल्या. गुडघाभर उंबरा त्यांना ओलांडता येईना.

आचार्यांनी पहार मागवली. चारही दालनांचे उंबरे त्यांनी स्वतःच्या हातांनी फोडले. पहिले घाव बसले तेव्हा बाकीचे तीन आचार्य अडवायला धावले, मग दाराशी बसलेल्या बायकांकडे पाहून तेही दगड उचलू लागले. तेव्हापासून त्या पाठशाळेत कोणीही कुठूनही आत जाऊ शकत असे. कोरडवाडीत पाय गेलेल्यांपैकी मात्र पुन्हा उभं राहिलं कोणी नाही. गोदा जन्मभर भुई धरून चालली, आणि तिची मुलगीही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीतून गाठीला बांधायचं ते एवढंच: दुसऱ्याचा शब्द आपल्याला कळला नाही, तर तो दुरुस्त करण्याआधी त्याचा अर्थ विचारावा.