निवृत्तीचा बिनचूक फोटो

एका गावात एक भोळा फोटोग्राफर होता. फोटोग्राफर म्हणजे, अजून व्हायचा होता. नाव निवृत्ती. कुणी 'जरा थांब' म्हटलं, तर 'किती?' असं विचारून मग थांबणारा.

गावात केरबातात्यांचा फोटो स्टुडिओ होता. तात्यांना एकुलती एक मुलगी, सुगंधा. तिला निवृत्ती आवडायचा, कारण त्याला खोटं बोलता येत नव्हतं. खोटं बोलायला डोकं लागतं, असं तात्यांचं म्हणणं. पण लेकीच्या हट्टापुढे बापाचं काय चालतंय? तात्यांनी लग्न ठरवलं, निवृत्तीला हाताखाली घेतलं आणि एकच अट घातली.

"लगीन लावून देतो. पण तुझ्या हातनं एक बिनचूक फोटो निघाल्याबिगर पोरगी नांदायला धाडणार न्हाई."

निवृत्ती म्हणाला, बरं.

पहिल्याच दिवशी सरपंच आले. निवृत्तीने त्यांना सूर्य पाठीमागे ठेवून उभं केलं. फोटो धुऊन आला तर ऊन झकास आणि सरपंच तव्याच्या बुडासारखे काळे. तात्यांनी कपाळाला हात लावला. ऊन नेहमी फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर असावं, हे त्यांनी तीनदा सांगितलं. निवृत्तीने तीनदा मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी एका घरी बारसं होतं. निवृत्तीने पाळणा अंगणात आणवला. वेळ भर दुपारची, सूर्य डोक्यावर. निवृत्ती पूर्वेला उभा राहिला, पश्चिमेला उभा राहिला, ऊन काही पाठीवर येईना. मग त्याला युक्ती सुचली. तो जमिनीवर पालथा झोपला. आता ऊन बरोबर पाठीवर. तसाच त्याने खटका दाबला. फोटोत पाळण्याचे चार पाय आले आणि बायकांचे बावीस. बाळाची आई म्हणाली, जोडवी छान आली आहेत, पण बाळ कुठंय?

तात्या म्हणाले, माणसाचं डोकं कधी कापायचं नाही. डोक्यापासून पायापर्यंत सगळं फोटोत यायला पाहिजे. निवृत्ती म्हणाला, असं आधी सांगायचं.

मग आली पारूआजी. तिला एसटीच्या पासासाठी छोटा फोटो हवा होता. निवृत्ती मागे मागे सरकला. स्टुडिओतून बाहेर आला, रस्ता ओलांडला, समोरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर चढला. तिथून आजी डोक्यापासून पायापर्यंत दिसली. फोटोत आजीचा चेहरा तिळाएवढा आला. पासावर तो चिकटवल्यावर कंडक्टर म्हणाला, आजी, यात तुम्ही कुठल्या? आजीने मोठ्या विश्वासाने रस्त्यात बसलेल्या गिरणीवाल्याच्या म्हशीवर बोट ठेवलं.

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "जवळ जा रं बाबा. जेवढं जवळ जाशील तेवढा फोटो चांगला."

पुढचं काम पाटलांच्या खिलार बैलाचं. बैल जत्रेत पहिला आलेला, शिंगांना गोंडे बांधलेले. निवृत्ती जवळ गेला. पाटील म्हणाले, बास. निवृत्ती आणखी जवळ गेला. बैल म्हणाला, फुर्र. निवृत्तीने खटका दाबला. मग बैलाने त्याला कडब्याच्या गंजीवर नेऊन ठेवलं. कॅमेरा वाचला, विजार गेली. फोटोत बैलाची एक नाकपुडी आली, मात्र अगदी स्पष्ट.

सुगंधाने त्याच्या गुडघ्याला हळद लावली. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि तिला आता खरंच काळजी वाटायला लागली होती. तिने वडिलांची मनधरणी केली, त्याला नीट समजावून सांगा म्हणून. तात्यांनी समजावलं. समोरच्याच्या चेहऱ्याकडे आधी बघायचं. रागात असेल तर थांबायचं. चेहऱ्यावर हसू आलं की मगच खटका दाबायचा, तोवर हात लावायचा नाही.

त्याच आठवड्यात सावळारामबापू वारले. वय नव्वद. लेकी-सुना, नातवंडं गोळा झाली. शेवटचा फोटो काढायचा म्हणून बापूंना फेटा बांधून अंगणात खुर्चीत बसवलं. सगळे मागे उभे राहिले. निवृत्ती काही खटका दाबेना.

"बापू, जरा हसा की," तो म्हणाला.

बापू हसले नाहीत. थोरला मुलगा म्हणाला, काढ लवकर, खोळंबा होतोय. निवृत्ती म्हणाला, माझ्याकडून काही खोळंबा नाही. त्याने बापूंना एक चुटका सांगितला. मग दुसरा सांगितला. धाकट्या मुलाने काठी शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात बापूंची बायको, गयाआजी, डोळे पुसत म्हणाली, "अरं लेकरा, साठ वर्सं मी वाट बघितली. माझ्यासाठी कंदी हसलं न्हाईत, तुझ्यासाठी कुठलं हसत्यात?"

आणि तिलाच हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसली. तिचं बघून लेकी हसल्या, मग सुना, मग काठीवाला मुलगाही. एकोणतीस माणसं हसली. तीस काही होत नाही हे बघून निवृत्तीने नाइलाजाने खटका दाबला.

गयाआजीला तो फोटो फार आवडला. पण तात्यांनी भिंग लावून बघितला. ऊन पाठीवर घेतल्यामुळे निवृत्तीची लांबलचक सावली बापूंच्या मांडीवर जाऊन बसली होती.

"फोटो काढणारा फोटोत दिसता कामा नये," तात्या म्हणाले. "हात न्हाई, पाय न्हाई, सावलीसुदिक न्हाई. कुठल्याबी फोटोत न्हाई. ह्ये ध्यानात ठेव, मग मी तुला आणि काय सांगणार न्हाई."

निवृत्तीने ध्यानात ठेवलं.

लग्नाचा दिवस उजाडला. तात्या कन्यादानाला बसणार, तेव्हा कॅमेरा कुणी धरायचा? तालुक्याहून माणूस बोलवू, असं सुगंधा म्हणत होती. घरचा फोटोग्राफर असताना बाहेरचा कशाला, असं म्हणून निवृत्तीने कॅमेरा गळ्यात अडकवला. मुंडावळ्या आणि कॅमेरा असा तो पाटावर उभा राहिला. पाठीशी त्याचा हणमंतमामा. मामा पन्नाशीचा, डोक्याने टकला, जन्माचा ब्रह्मचारी.

मंगलाष्टकं संपत आली. भटजी शेवटचं 'सावधान' म्हणाले आणि निवृत्ती सावध झाला. तो पटकन पाटावरून उतरला आणि बाजूला पळाला. मामा त्याला धरायला पुढे आला, तो नेमका पाटावर. अंतरपाट बाजूला झाला. सुगंधाने रीतीप्रमाणे मान खाली घालून हार पुढे केला आणि मामाच्या गळ्यात घातला. मामाला जन्मात कुणी हार घातला नव्हता. तो हसला. निवृत्तीने खटका दाबला. बँड वाजला.

पुढचा गोंधळ भटजींनी निस्तरला. नुसत्या हाराने लग्न होत नाही, सप्तपदी बाकी आहे, असं सांगून त्यांनी मामाला पाटावरून उतरवलं. मामा सावकाश उतरला. सुगंधाने नवऱ्याच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला आणि तोच हार त्याला घातला. त्याचा फोटो मात्र कुणीच काढला नाही.

चार दिवसांनी रोल धुऊन आला. सुगंधा पिशवी भरून बसली होती. तात्यांनी भिंग लावलं. ऊन जिथे हवं तिथे. डोकी शाबूत. अंतर बरोबर. चेहऱ्यावर हसू, तेही असं की बघत राहावं. सावलीचा ठिपका नाही. तात्यांनी फोटो उलटा धरला, सुलटा धरला. शेवटी भिंग खाली ठेवून ते लेकीला म्हणाले, जा बाई नांदायला.

निवृत्तीला आभाळ ठेंगणं झालं. कुणालाही न विचारता त्याने त्या फोटोच्या पन्नास प्रती काढल्या, प्रत्येकीखाली 'नवरा-नवरी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि लग्नाला येऊ न शकलेल्या सगळ्या पाहुण्यांना पोस्टाने धाडून दिल्या.

आठवड्याने निपाणीहून सुगंधाच्या आत्याचं तात्यांना पत्र आलं. 'दादा, फोटो पावला. सुगंधा गोड दिसते. पण जावई टकला आणि तुझ्याच वयाचा आहे, हे आधी कळवलं असतंस तर गुडघे दुखत असतानासुद्धा मी हे लग्न मोडायला आले असते.'

निवृत्तीने पत्र दोनदा वाचलं आणि समाधानाने सुगंधाला म्हणाला, "आत्याबाईंनी मामाला नावं ठेवली. फोटोला एक न्हाई."