ठकूबाईचा लंगडा मेंढा

फार फार वर्षांमागची गोष्ट. माळावरच्या एका वाडीत, पाणवठ्यावर दोघी बोलत होत्या. "कळलं का? ठकूबाईनं कळपाला लंगडा मेंढा ठेवलाय म्हणे. आता तिची सगळी कोकरं..." तेवढ्यात ठकूबाईच घागर घेऊन येताना दिसली, आणि बोलणं तिथंच थांबलं. पुढचं वाडीनं आपल्याच मनानं पुरं केलं. लंगडीच निपजणार, दुसरं काय!

आता त्या वाडीची एक रीत होती. जत्रेत मेंढ्यांची टक्कर लागायची आणि जिंकेल तो मेंढा वर्षभर सगळ्यांच्या कळपात सोडायचा. काय त्याचं डोकं, काय ती शिंगं! पण त्याची कोकरंही तशीच मोठ्या डोक्याची व्हायची. मेंढ्या विताना अडायच्या. कधी कोकरू जायचं, कधी दोघंही. ठकूबाईच्या तीस मेंढ्यांतल्या अकराच उरल्या होत्या. आणखी एक साल असं गेलं, तर कळपच संपणार होता.

शेजारच्या भिवातात्यांनी तिला हटकलं, "काय गं ठके, जत्रेतला पैलवान सोडून हे काय आणलंस? हा काय टक्कर देणार?"

"टक्कर कुणाला हवीय तात्या? मला कोकरं हवीत," ठकूबाई हसली. "याचं डोकं बघा, कसं आटोपशीर आहे. आणि मी याची आई बघितली. दर खेपेला जुळं, सुखानं सुटते, आणि दोघांना पुरून उरेल एवढं दूध."

"आणि हा पाय?"

"तो लांडग्यानं धरला होता. आईनं थोडाच दिलाय!"

तात्या मान हलवत निघून गेले.

पाच महिन्यांनी मेंढ्या व्यायला लागल्या, तशी वाडी कुंपणाशी जमली. कुणी विस्तव मागायला आलं, कुणी नुसतंच. एकही मेंढी अडली नाही. सात जणींना तर जुळी झाली. चार दिवसांनी तात्यांनी एकेक कोकरू उचलून पाय चाचपले आणि खाली सोडलं. सोडलं की ते टुणकन उडी मारून आईकडं पळे.

"ठके," तात्या हळूच म्हणाले, "पुढच्या साली याला माझ्याकडं पाठवशील?"

"पाठवीन की! पण तात्या, सावकाश चालवत न्या हं."

पाणवठ्यावरच्या त्या दोघींच्या बोलण्यातलं मेंढा लंगडा होता, एवढंच काय ते खरं निघालं.

म्हणून जनावर निवडताना त्याचा थाट पाहू नये, त्याच्या पिल्लांत काय उतरणार आहे ते पाहावं.